डाव्या हाताची काच

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि मनात एक खिडकी उभी करा. घराची नव्हे, चर्चची. तीन माणसं एकमेकांच्या खांद्यावर चढली तरी वरच्याचा हात टोकाला पोचणार नाही, एवढी उंच. तिच्यात सगळ्या काचा रंगीत, लहानमोठ्या तुकड्यांच्या, आणि दोन तुकड्यांच्या मधे शिशाची पट्टी, गोधडीला शिवण असते तशी. वर मधोमध ख्रिस्त निवाडा करायला बसला आहे. त्याच्या उजव्या हाताला खाली जी माणसं आहेत ती कबरींतून उठून वर बघत आहेत. डाव्या हाताला जी आहेत ती तोंड फिरवून अंधाराकडे निघाली आहेत. तुम्ही खिडकीसमोर उभे राहिलात, की त्याचा उजवा हात तुमच्या डावीकडे येतो. इथे मोठ्या माणसांचाही घोटाळा होतो. म्हणून आपण या प्रकरणात उजवा म्हणजे त्याचा उजवा आणि डावा म्हणजे त्याचा डावा असंच धरू.

आता डोळे उघडा. वादळात झाडाची फांदी आपटली आणि त्या खिडकीच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांचा चुरा झाला. काम आपल्या काचवाल्यांच्या घरी आलं. दुसरीकडे कुठे जाणार? घरातले सगळ्यांत वडील ते आबा, आणि त्यांच्या आजोबांनीच ती खिडकी घडवली होती.

त्यांनी एक पद्धतही पाडून ठेवली होती. घरातलं माणूस गेलं, की पुढची दुरुस्ती निघेल तेव्हा उजव्या हाताच्या गर्दीत त्याचा चेहरा बसवायचा. त्यामुळे खिडकीखाली उभं राहून या घराची मुलं आपले पूर्वज ओळखत. पणजोबांचं लांबलचक नाक स्वर्गातही शेजारच्याच्या खांद्यावर टेकलेलं होतं. जिने आयुष्यभर साखरेच्या डब्याला कुलूप लावलं ती काकूही तिथेच होती, हात जोडून. डाव्या हाताचे चेहरे मात्र कोणाचेच नसत. ते मनाने काढायचे, कोणासारखे दिसणार नाहीत असे.

आणखी एक नियम होता. चेहरा काढून झाला की भट्टीत जाईपर्यंत तो फडक्याखाली राही. काचेवरचा काळपट रंग म्हणजे गोंदाच्या पाण्यात कालवलेली भुकटी. भट्टीत भाजली की ती काचेचाच भाग होते, मग ती कायमची. म्हणून भाजण्याआधी सगळं घर जमायचं, फडकं काढायचं, आणि सगळे ‘हो’ म्हणाले की मगच भट्टी पेटायची.

त्या शनिवारी दुपारी सगळे जमले ते यासाठी. आबांचा मधला मुलगा, म्हणजे छोट्या मुंगीचा बाप, तापाने गेला हे आपण मागे पाहिलंच. आता त्याचा चेहरा बसवायची वेळ आली होती.

लांब टेबलाच्या डोक्याशी आबा बसले होते. त्यांच्या उजवीकडे थोरला मुलगा. दोन्ही कोपऱ्यांतले नवे चेहरे त्याने काढले होते. समोर धाकटी मुलगी, म्हणजे मुंगीची आत्या. ती शाळेत शिकवायची आणि घरातही तिचा आवाज वर्गातलाच असे. पलीकडच्या टोकाला मधल्याची बायको, मुंगीची आई. घरातली सगळी काच ती कापत असे, पण लग्न होऊन आलेल्यांनी चेहऱ्याला ब्रश लावायचा नाही, असा इथला रिवाज. तिच्याजवळ आठ वर्षांची मुंगी. आणि दाराशी, टोपी हातात धरून, फादर. उद्याच्या प्रार्थनेआधी खिडकीची भगदाडं बुजतील की नाही, एवढंच विचारायला ते आले होते.

थोरल्याने फडकं काढलं.

उजव्या हाताच्या तुकड्यावर एक अनोळखी तरुण होता. डाव्या हाताच्या तुकड्यावर मधला.

आत्याने चष्मा पुसून पुन्हा लावला. “हे काय आहे?”

“चेहरा,” थोरला म्हणाला.

“चेहरा मलाही दिसतोय. तो या तुकड्यावर काय करतोय?”

“जिथे असायला हवा तिथे आहे.”

“दादा, तुझा भाऊ आहे तो!”

“म्हणून तर हुबेहूब आलाय.”

“चेष्टा करू नकोस. तू कोण रे ठरवणारा?”

“आणि पणजोबांचं कोणी ठरवलं? साखरवाल्या काकूचं? आपण आजवर सगळ्यांनाच उजवीकडे बसवत आलो. तुझ्या शाळेसारखं. कोणी नापासच व्हायचं नाही.”

“माझ्या शाळेत नापास करतात. तुझ्या मुलाला विचार.”

फादरांना हसू आलं आणि त्यांनी ते खोकल्यात लपवलं. आबा हसले नाहीत. ते काचेकडे बघत होते.

आता मधल्याबद्दल सरळ सांगायला हवं. तो दारू पीत नव्हता. प्यायला असता तर घराला बरं वाटलं असतं. दोष बाटलीवर टाकता आला असता. तो पूर्ण शुद्धीत, आवाज न चढवता बायकोला मारत असे. मारण्याआधी हात धुऊन येई, कारण त्याच्या हाताला रंग असायचा आणि तिच्या कपड्यांना डाग पडलेले त्याला चालत नसत. तिच्या डाव्या कानाला आता ऐकू येत नाही ते त्यामुळेच. आणि दुसऱ्या दिवशी हाच माणूस देवदूताच्या पंखाचं एकेक पीस असं काढी की आबा काही न बोलता त्याच्या खांद्यावर हात ठेवून जात. ही दोन माणसं नव्हती, एकच होतं. तसं नसतं तर ही गोष्ट सांगायला सोपी झाली असती.

“आबा, तुम्ही काहीतरी बोला,” आत्या म्हणाली.

आबांना तिघा मुलांचं लहानपण आठवलं. तेव्हा ते त्यांना याच टेबलाशी बसवून शिकवत. एक लाल काच उजेडासमोर धरत, एक निळी, एक हिरवी. मग विचारत, आता काळी काच कुठे आहे, शोधा. मुलं शोधत राहायची. शेवटी आबा रंगाचा एक जाड फटकारा मारून दाखवत. ही बघा. काळी काच कोणी केलेलीच नाही. उजेड अडला, की आपण त्याला काळं म्हणतो. तसं देवाने जे केलं ते सगळं चांगलंच केलं. वाईट असं त्याने काही घडवलंच नाही. चांगल्यात जिथे काही कमी पडतं, अडतं, तिथे वाईट दिसतं. सगळ्यांत आधी हे कळलं होतं मधल्याला.

“मी तुम्हाला काय शिकवलं होतं?” आबा हळू म्हणाले. “वाईट म्हणजे वेगळी वस्तू नव्हे. त्याच्यातही उजेड होताच की. अडला होता. आपण त्याला सैतानाच्या ओळीत उभं कसं करायचं? सैतानसुद्धा मुळात देवदूतच होता.”

“म्हणजे वाईट असं काही नसतंच?” थोरल्याने विचारलं.

“स्वतःच्या बळावर नसतं.”

“मग आबा, तिच्या कानाला विचारा,” थोरला टेबलाच्या पलीकडच्या टोकाकडे हात करून म्हणाला. “जे नसतंच ते केवढ्या जोराने लागतं ते.”

“याचं उत्तर माझ्याकडे नाही,” आबा म्हणाले. शिकवणाऱ्याला हे जमावं लागतं.

थोरल्याला वाटलं, आपण जिंकलो. हा चेहरा काढताना त्याचा हात एकदाही अडखळला नव्हता. भुवया, कपाळावरच्या आठ्या, दातांखाली दाबलेला खालचा ओठ, सगळं जणू आधीच काचेत होतं आणि त्याने नुसतं वर आणलं होतं. आणि सुनेला काही न विचारणाऱ्या या घरात आपण एकटेच तिच्या बाजूने उभे राहिलो, या विचाराने त्याला बरंही वाटत होतं. त्याने तिच्याकडे पाहिलं. ती मान तरी हलवेल, अशी त्याची अपेक्षा होती.

मुंगीची आई उठली. टेबलाला वळसा घालून ती काचेजवळ आली, जरा वाकली आणि बराच वेळ बघत राहिली.

“भाऊजी,” ती म्हणाली, “हा घाबरलेला का आहे?”

“निवाड्यासमोर उभा आहे. घाबरणारच.”

“पण तो कधी घाबरला नाही. त्याला घाबरलेला तुम्ही कधी बघितलात?”

“नाही. मनाने काढलं.”

“भुवया अशा वर. ओठ असा आत, आवाज बाहेर पडू नये म्हणून. हे मनाने येत नाही. मी वीस वर्षं चेहऱ्यांच्या काचा कापते, मला कळतं. हे बघावं लागतं.” तिने बोट उचललं, पण काचेला लावलं नाही. “ही भीती त्याची नाही. माझी आहे. हे माझं तोंड आहे.”

ती थोरल्याकडे वळली.

“भिंतीपलीकडून आवाज येतो, तोंड दिसत नाही, भाऊजी. म्हणजे तुम्ही दारापर्यंत आला होतात.”

थोरल्याला तोपर्यंत खरोखर आठवत नव्हतं. आता आठवलं. अर्धवट लोटलेलं दार, आतला दिवा, तिचं दाराकडे वळलेलं तोंड आणि भावाची पाठ. क्षणभर तिची आणि त्याची नजर भेटली होती. मग तो आपल्या खोलीत परत गेला होता आणि सकाळी सगळ्यांबरोबर चहा प्यायला होता. त्याच्या डोक्याने ते कुठेतरी ठेवून दिलं होतं. चेहरे काढणाऱ्याचा हात मात्र पाहिलेलं तोंड विसरत नाही.

“तू बघितलं होतंस?” आत्याचा आवाज चिरकला. “बघून गप्प बसलास, आणि आता त्याला नरकात ढकलून मोकळा होतोयस?”

“तुला तर तिने तोंडाने सांगितलं होतं,” थोरला म्हणाला. “तू काय म्हणालीस? सांग ना फादरांसमोर.”

आत्याचा चेहरा उतरला. ती काय म्हणाली होती ते मुंगीच्या आईलाही ठाऊक होतं, पण तिने ते उच्चारलं नाही. आत्यानेच सांगितलं, “जरा सांभाळून घे म्हणाले होते.”

“मला कोणी काही बोललंच नाही,” आबा म्हणाले.

“तुम्ही विचारलंत कधी, आबा?” मुंगीची आई म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. काच किती जाडीची हवी, असं विचारावं तसं तिने विचारलं आणि आपल्या जागी जाऊन बसली.

फादर आता पुढे आले. त्यांचा स्वभाव मिटवामिटवीचा होता. पण आज नुसतं मिटवून चालणार नाही, हे त्यांनाही दिसत होतं.

“एक गोष्ट ध्यानात घ्या,” ते म्हणाले. “चर्चने आजवर कितीतरी माणसांना संत म्हणून जाहीर केलंय. पण अमका माणूस नरकात गेला, असं एकाचंही नाव आजपर्यंत जाहीर केलेलं नाही. एकाचंही नाही. नरक आहे, हे आपण मानतो. तिथे कोण आहे, ते आपल्याला ठाऊक नाही. शेतात निदण, म्हणजे तण, उगवलं तरी येशूने कापणीपर्यंत थांबायला सांगितलंय. उपटायला आपण गेलो तर गहूही उपटला जाईल.”

“म्हणजे त्याला उजवीकडे घ्यायचा,” आत्या लगेच म्हणाली.

“तसं मी म्हणालो नाही.”

“डावीकडे नाही, तर मग उरलं काय?”

“आशा धरायला हरकत नाही, एवढंच म्हणालो.”

“आशा काचेत कशी बसवू, फादर? मला तुकड्याचा आकार लागतो,” थोरला म्हणाला. पण त्याच्या बोलण्यात मघाचा जोर उरला नव्हता.

आबांनी मार्ग काढला. “उजवीकडे घ्या, पण मागच्या रांगेत. अर्धा झाकलेला. नुसतं कपाळ आणि डोळे.”

“डोळे मिटलेले घेऊ,” आत्या म्हणाली. “पश्चात्ताप झाल्यासारखे.”

“झाला होता का?” आबांनी विचारलं.

“शेवटी ताप चढला तेव्हा झाला नसेल कशावरून?”

“मग पापण्या जरा खाली घेतो,” थोरला म्हणाला. “कोणी विचारलं तर मधला म्हणायचं, नाही विचारलं तर नाही.”

बघा, मुलांनो, केवढ्या झपाट्याने ही तिघं एक झाली. थोड्या वेळापूर्वी एकमेकांचं तोंड पाहवत नव्हतं. आता ती एकाच काचेवर वाकून पापण्या किती मिटाव्यात ते ठरवत होती. घराघरांत असं होतं. अवघड प्रश्नापासून लांब जायला वाट दिसली, की त्या वाटेवर सगळे लगेच एकमेकांना सोबत करतात.

मुंगी हे सगळं ऐकत होती. तिचे बाबा तिला खांद्यावर घेऊन खिडकी दाखवत, रंग कालवायला देत, आणि तिच्यावर त्यांनी कधी हात उगारला नव्हता. ती शेजारच्या खोलीत उशीखाली डोकं घालून झोपायची, हेही तितकंच खरं होतं. त्या काचेवरच्या बाबांकडे बघताना तिला त्यांचा कळवळा येत होता आणि ते घरात नाहीत म्हणून हायसंही वाटत होतं. यातली एक भावना खोटी असणार, असं तिला वाटे. कोणती, ते ठरत नव्हतं.

तिने फादरांची बाही ओढली.

“फादर, निवाड्याच्या दिवशी काय काय होतं?”

“सगळे मेलेले उठतात. जे लपलेलं आहे ते सगळं उघड होतं. भुकेल्याला खायला दिलं का, आजाऱ्याकडे गेलात का, असं प्रत्येकाला विचारलं जातं.”

“बाबांना विचारतील?”

“हो. बाबांनाही.”

“आणि आईला?”

“आईलाही तिच्या वागण्याबद्दल...”

“तसं नाही,” मुंगी म्हणाली. “बाबांचं ठरवताना आईला विचारतील का?”

फादरांनी खिडकीचं चित्र डोळ्यांसमोर आणलं. तुतारी फुंकणारे देवदूत होते, तराजू धरणारा होता, उठणारे होते, निघालेले होते. साक्ष द्यायला कोणाला बोलावलेलं तिथे त्यांना दिसेना. त्यांना शिकवलेली बरीच उत्तरं होती. ती मुलीला पुरणार नाहीत, हे त्यांना कळलं.

“विचारतील,” ते म्हणाले. “कसं ते मला सांगता येणार नाही. पण जिच्यावर अन्याय झाला तिला विचारलंच नाही, तर तो निवाडा कसला?”

टेबलाशी पापण्यांची चर्चा थांबली.

आबांनी खुर्ची मागे सरकवली. ती फरशीवर करकरली. ते सुनेच्या शेजारी, तिच्या ऐकू येणाऱ्या बाजूला जाऊन बसले.

“पोरी,” ते म्हणाले, “तुझं काय म्हणणं आहे?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला या टेबलाशी कोणी विचारला नव्हता. त्यामुळे उत्तर तयार नव्हतं. ती शोधत शोधत बोलली.

“उजवीकडे नको. अर्धा नको, मिटलेल्या डोळ्यांचाही नको. उजवीकडे घेतलात तर मी त्या खिडकीखाली बसणार नाही. या घरातही राहणार नाही.” ती थांबली. “आणि डावीकडेही नको. हिने दर रविवारी वर बघून आपला बाप तिथे चाललेला बघायचा का? तो कुठे जायचा ते मला नाही ठरवायचं. मला कोणाला कुठे पाठवायचंच नाही. देवाने त्याला उजवीकडे घेतलं तर घेऊ दे. त्या दिवशी मी तिथे असेनच. त्याआधी मला दोन शब्द बोलायचेत, तेवढं मी बोलेन.”

“मग जागा?” आत्याने विचारलं. आता तिचा आवाज वर्गातला नव्हता.

“दोन्हीकडे कोणाचेच नसलेले चेहरे बसवा. रिकामी जागा राहिली, असं कोणाला वाटणार नाही. आपल्याला वाटेल, तेवढं पुरे.”

आबांनी मान हलवली. “हो,” ते म्हणाले. आत्या म्हणाली, “हो.” घराच्या नियमाप्रमाणे आता थोरल्याचा ‘हो’ राहिला होता.

त्याने काच उचलली, ओलं फडकं घेतलं आणि दोन्ही गोष्टी तिच्यासमोर धरल्या. “घे. हा मान तुझा.”

“नको, भाऊजी,” ती म्हणाली. “तुम्ही काढलात, तुम्हीच पुसा.”

थोरल्याने काच टेबलाच्या कडेवर उभी टेकवली. फडकं त्याने कपाळाशी नेलं आणि तिथेच थांबला. ते तोंड अजून त्याच्याकडे दारातून बघावं तसं बघत होतं. त्याचा काच धरलेला हात इतका कापू लागला की काच लाकडावर टकटक वाजायला लागली. आबा उठले नाहीत, आत्या उठली नाही. फादर टोपी फिरवत राहिले.

मुंगी खुर्चीवरून उतरली. काकासमोर जाऊन तिने काचेची खालची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. टकटक थांबली.

“हं, पुसा काका,” ती म्हणाली. “मी धरलीय.”